आधी मोजमाप, मग सफाई

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही मोजपट्टी, तापमापी किंवा व्हर्नियर कॅलिपर हाताळला असेलच. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना गेली अठरा वर्षे मी मुलांना एकच गोष्ट बजावत आलो आहे: ‘अंदाज सांगू नका, रीडिंग सांगा.’ पण स्वतःच्या दातांच्या बाबतीत मी चार वर्षे निव्वळ अंदाजावर चाललो आणि त्यापायी एक दाढ गमावून बसलो. ती कशी, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

झाले असे, की दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दुखत काहीच नव्हते, म्हणून मी लक्ष दिले नाही. शिवाय एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी सांगितले, “दातांची सफाई करून घेऊ नकोस हं, चांगले दात हलायला लागतात.” मला ते सोयीचेच वाटले. अखेर एक दाढ खरोखरच हलू लागली, तेव्हा दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई घेतली. प्रत्येक दाताच्या कडेने ती हिरडीखाली हळूच सरकवत त्या मदतनिसाला आकडे सांगू लागल्या: “तीन, दोन, तीन... पाच, सहा, सात.” आकडे कानांवर पडताच मी खुर्चीत सावरून बसलो. हे तर माझेच शास्त्र!

मोजमाप संपल्यावर बाई म्हणाल्या, “पुढच्या दातांना साधी सफाई पुरे. मागच्या दाढांना खोल सफाई लागेल. ही एक दाढ मात्र आता वाचणार नाही.”

म्हणजे ‘सफाई’ हा शब्द एक, पण कामे दोन! ती वेगळी का, ते पाहू या.

दातांवर सतत एक मऊ, चिकट थर साचत असतो. तो अन्नकणांचा नसून मुख्यतः जिवंत जंतूंचा असतो. हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा असा थर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. हा थर वेळच्या वेळी घासून काढला नाही, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात साचून त्याचा दगडासारखा कडक थर बनतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही. ते अवजारानेच काढावे लागते.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी माणसात तिची खोली १ ते ३ मि.मी. असते. जंतूंचा थर या खाचेत मुक्काम ठोकून राहिला, की हिरडी सुजते, लाल होते आणि तिच्यातून रक्त येते. इथपर्यंतचे नुकसान भरून येते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे मुद्दाम बंद केले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट दात घासू लागताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तुमच्यापैकी ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येते त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. रक्त येते म्हणून ती जागा घासायची सोडू नका. तेथेच ब्रश हळुवार पण नीट फिरला पाहिजे.

पण काही जणांत रोग एवढ्यावर थांबत नाही. हिरडी दातापासून सुटते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि त्यामागचे हाड झिजते आणि खाचेचा खोल खिसा बनतो. असे खिसे ५ मि.मी. खोल झाले तर काय होते, याचे गणित करू. दाताचा घेर सरासरी २ सें.मी. धरा, खोली ०.५ सें.मी., आणि अक्कलदाढा सोडून दात २८. गुणाकार येतो २८ चौ. सें.मी., म्हणजे पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढी जखम! हातावर एवढी जखम असती तर आपण एक दिवस तरी गप्प बसलो असतो का? आणि झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

आता दोन्ही सफायांतील फरक सोपा होईल. साध्या सफाईत हिरडीच्या वरचे आणि तिच्या कडेचे कीटण काढून दात गुळगुळीत करतात. खोल सफाईत हिरडीखाली, खिशाच्या तळापर्यंत जाऊन दाताच्या मुळावरचे कीटण आणि जंतूंचा थर काढतात. त्यासाठी बहुधा जागा बधिर करावी लागते, आणि काम दोन किंवा अधिक भेटींत पुरे करतात. नंतर हिरडी मुळाला पुन्हा चिकटू लागते व खिसा उथळ होतो. दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजून तो किती उथळ झाला, हे पडताळतात.

या कामाचे यंत्रही तुम्हांला आवडेल असे आहे. त्याचे टोक सेकंदाला २५ ते ४० हजार वेळा थरथरते. आपल्या कानाची मर्यादा २० हजार, म्हणून याला श्राव्यातीत कंपने म्हणतात. काही यंत्रांत ही कंपने ज्या दाबविद्युत् परिणामाच्या साह्याने निर्माण करतात, तो पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधला. थरथरणारे टोक तापू नये म्हणून त्यावर पाण्याची धार सोडलेली असते.

मग ‘सफाईने दात हलतात’ या समजाचे काय? हाड झिजलेला दात आधीच सैल झालेला असतो. कीटणाचा जाड थर शेजारच्या दातांना सिमेंटासारखा जखडून ठेवतो. तो काढला की झाकलेला सैलपणा उघड होतो, एवढेच. पाया खचलेल्या भिंतीचा गिलावा काढला म्हणून भिंत खचली, असे आपण म्हणत नाही!

येथे माझे मत सांगतो. सफाईला घाबरणे ही एक चूक, तर ‘जितकी खोल तितकी चांगली’ असे समजणे ही दुसरी चूक. स्वीडनमधील लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले, की सुमारे २.९ मि.मी.पेक्षा उथळ खाचेत खोल सफाई केली, तर हिरडीची दातावरील पकड सुधारण्याऐवजी थोडी कमीच होते. त्याहून खोल खिशात मात्र फायदा होतो. म्हणजे जे अवजार रोग्याला तारते, तेच निरोग्याला बाधते. साध्या सफाईचेही असेच आहे. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. ज्यांना तीव्र हिरडीरोग नाही आणि जे दंतवैद्याकडे नियमित तपासणीला जातात, अशा प्रौढांमध्ये ठरावीक मुदतीने केलेल्या सफाईने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या आरोग्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. तेव्हा सफाई किती आणि कधी, हे कॅलेंडराने ठरवू नये. ते प्रत्येकाच्या तोंडातील स्थितीने ठरावे.

माझ्या एका सहकाऱ्याला, एकदाही न मोजता, संपूर्ण तोंडाची खोल सफाई सुचवण्यात आली होती. त्याने मोजून देण्याची विनंती केली. एकही आकडा ३ च्या पुढे गेला नाही! साध्या सफाईवर काम भागले. मोजमापाने माझे उरलेले दात वाचवले आणि त्याचा नको असलेला उपचार वाचवला.

अर्थात आकड्यालाही मर्यादा असतात. सळईचे टोक सुमारे अर्धा मि.मी. व्यासाचे, आणि लावायचा जोर सुमारे २५ ग्रॅम वजनाएवढा. टोकाचे क्षेत्रफळ काढून पाहा. दाब वातावरणाच्या दाबाच्या बारापट येतो! हात थोडा जड पडला तर आकडा बदलतो. दोन तज्ज्ञांच्या मापनात एक मि.मी.चा फरक पडू शकतो. नुसती हिरडी सुजून वर आली तरी खाच खोल भासते. म्हणून रक्त येते का, क्ष-किरण चित्रात हाड किती उरले आहे, हेही पाहतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचे म्हणजे २८ दातांची १६८ रीडिंग्ज झाली. हे चिकाटीचे काम आहे. पण चिकाटीवाचून विज्ञान कोठे होते?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. दाबाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. आणि मुलांना आपापल्या घरी डोळस नजरेने पाहायला सांगा. घरात कोणी मिश्री लावत असेल, कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या हिरड्यांना धोका अधिक असतो. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त येणे कमी होऊ शकते, आणि रोग आतल्या आत वाढत राहतो.

मित्रांनो, तुमच्या वयात खोल खिसे क्वचितच होतात. दोन वेळा नीट दात घासणे आणि अधूनमधून तपासणी, एवढे तुम्हांला बहुधा पुरेल. पण आई-वडिलांबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात जाल आणि तेथे खोल सफाईचा विषय निघेल, तेव्हा घाबरू नका आणि भांडूही नका. नम्रपणे एवढेच विचारा: “डॉक्टर, किती मिलिमीटर?” चार वर्षांपूर्वी मी हा प्रश्न विचारला असता, तर आज दोन्ही बाजूंनी चावून जेवलो असतो.