माळ्यावरचे रुमाल रद्दीत घालू नका

मंडळी, दिवाळीच्या आधी घरं आवरायला निघतात आणि आपल्या खानदेशाचा इतिहास रद्दीवाल्याच्या गाडीवर चढतो. कडू वाटेल, पण बोलतोच.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात बसून कारभार बघू लागला. साहेबांना जे दिसलं ते १८८० च्या गॅझेटियरमध्ये आहे: पिकं, सारा, वाघ, भिल्लांचा बंदोबस्त. १८५२ ला जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी उठले, तेही सरकारी नजरेतून. पण तेव्हा शेतकऱ्याच्या घरात काय चाललं होतं? ते माळ्यावरच्या मोडी कागदांत सापडतं.

पारोळ्याकडचं आमचं धाब्याचं घर पाडलं तेव्हा पेटीत दोन रुमाल निघाले. (रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा.) एक काकांनी रद्दीत दिला. दुसरा मी धुळ्याला एका मोडी जाणकारांकडे नेला. ना लढाई, ना राजा. ज्वारी उसनी घेतली, बैल गहाण टाकला, लेकीच्या लग्नाला कर्ज काढलं. आणि खाली सहीच्या जागी नांगराचं चित्र! लिहिता न येणाऱ्या आमच्या पूर्वजाची ती निशाणी. बराच वेळ नुसता बघत बसलो.

२०२३ ला कुणबी नोंदींसाठी सरकार मोडी वाचणारे शोधत फिरलं. दाखल्यापुरती आठवण! राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून असलेच कागद गोळा करत होते. १९२६ ला ते धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथंच आहे. आणि आपण?

लोक कागद का दाखवत नाहीत, तेही माहीत आहे. जमिनीची जुनी भानगड निघेल, भाऊबंद कोर्टात जातील. ही भीती खोटी नाही भाऊ. म्हणूनच जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्याला वर्षातून एक दिवस स्कॅनर आणि मोडी वाचणारा माणूस बसवावा. स्कॅन करा, अस्सल कागद मालकाला तिथल्या तिथे परत द्या. मालकाने नको म्हटलं तर नाव झाका. याला काही कोटी लागत नाहीत.

काकांना परवा विचारलं, त्या रुमालात काय होतं? म्हणाले, "काय माहीत रे, चार किलो भरला."