हेरोदाच्या शिपायाला फेटा नको



धार-देवासची आपली तरुण मंडळी यंदा नाताळसाठी उड्या मारत पुढे जायचा मोबाइल गेम बनवत आहेत. मेंढपाळ खांद्यावर कोकरू घेऊन बेथलेहेमला निघतो, ही कल्पना छानच. चित्रं पिक्सेलची, म्हणजे १६ बाय १६ चौकोनांत अख्खा माणूस. माझी हरकत आहे ती वाटेत आडव्या येणाऱ्या शत्रूंना.

एवढ्याशा जागेत चेहरा मावत नाही. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला टोपी आणि मिशा आल्या त्या याच अडचणीमुळे, केस आणि तोंड नीट दाखवता येईनात. म्हणजे माणूस ओळखायचा तो टोपीवरून, दाढीवरून, कपड्यांच्या रंगावरून. इथे हेरोदाच्या शिपायाला फेटा आणि काळी दाढी दिली आहे. पडद्यावर तो शिपाई वाटतच नाही, आपल्याच गल्लीतला कुणीतरी वाटतो. आणि मेंढपाळ त्याच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडतो! नाताळात ज्या शेजाऱ्यांकडे आपण फराळाचं ताट नेतो, त्यांची पोरंही हा गेम खेळणार. धारमध्ये तरी हे सांगावं लागू नये.

तसंही हेरोद आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानात. मेंढपाळ लूकच्या, आणि तिथे त्यांना कुणी शिपाई अडवत नाही. तिथली अडचण म्हणजे उतारशाळेत जागा नाही. मग बंद दारं काढा, नाला काढा, लांडगा काढा. लांडगा १६ चौकोनांतही लांडगाच दिसतो. (बर्फही नको. माळव्याच्या थंडीला शेकोटी पुरे.)

रंग भरायचे अजून बाकी आहेत, तेवढ्यात हा बदल सहज होईल.

– एक वाचक, देवास