वास्तू उभी राहील, पुढे काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. छत कोसळले, रंगमंच व प्रेक्षागार यांची राख झाली. शासनाने तातडीने २० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. आपत्तीनंतर पैसा मिळतो, हा आपल्या सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुनाच अनुभव आहे. आपत्ती टळावी म्हणून दरवर्षी लागणारा पैसा मात्र तितक्या सहजपणे मिळत नाही.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. तेथील रंगमंदिरे व रोमचे क्रीडागार पाहून त्यांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर आणि खासबागचे कुस्तीचे मैदान शेजारी-शेजारी उभारविले. पैकी नाट्यगृह १९१५ साली पूर्ण झाले. मल्ल आणि नट या दोहोंस एकाच आवारात आश्रय देणारा हा राजा होता. आणि आश्रय म्हणजे केवळ इमारत नव्हे, हेही तो जाणून होता. ‘ललितकलादर्श’चे संस्थापक केशवराव १९२१ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. ज्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव मिळाले, ते संस्थानाच्या विलीनीकरणानंतर यथावकाश नगरपालिकेकडे व पुढे महापालिकेकडे आले. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

संस्थानिकाला नाट्यगृह तोट्यात चालविता येत होते. महापालिकेला त्याच तोट्याचा जाब द्यावा लागतो. बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते, तसे रंगभूमीवर वाढत नाही. पाच पात्रांच्या नाटकास आजही पाचच नट लागतात. त्यांचे वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावेच लागते. म्हणून तिकिटाच्या उत्पन्नातून खर्च भागत नाही. भाडे वाढविले तर हौशी संस्था हद्दपार होतात. न वाढविले तर दुरुस्ती लांबणीवर पडते. शेवटी तारखा सभा-समारंभांना जातात आणि नाट्यगृहाचे सभागृह होते. (सभेला प्रकाशयोजना लागत नाही, हे व्यवस्थापनाच्या सोयीचेच!)

यावर उपाय अवघड नाही, फक्त त्यात उद्घाटनाची फीत नाही. भाड्याचे दर दोन असावेत : नाटक व संगीतासाठी सवलतीचे, समारंभांसाठी पुरेपूर. समारंभांचे उत्पन्न महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत विरून न जाता स्वतंत्र घसारा निधीत जमा व्हावे. विद्युतयंत्रणा व अग्निशमन यांची तपासणी त्याच निधीतून दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल नागरिकांपुढे ठेवला जावा. कोल्हापुरातील हौशी मंडळींच्या तालमींसाठी काही तारखा वर्षारंभीच राखून ठेवाव्यात. एवढी तरतूद अंदाजपत्रकात किती ठळकपणे दिसते, ते पडदा उघडण्यापूर्वीच तपासावयास हवे.