'तरीही'चे सौंदर्यशास्त्र

स्थूल नायिका केंद्रस्थानी आणल्याबद्दल 'सुंदरा मनामध्ये भरली' (२०२०) आणि 'येऊ कशी तशी मी नांदायला' (२०२१) या दूरचित्रवाणी मालिकांची पुष्कळ प्रशंसा झाली. ती घाईची होती, असे माझे मत आहे. पहिल्या मालिकेने शीर्षक घेतले राम जोशींच्या लावणीवरून. लावणीची नजर मात्र घेतली नाही. लावणीत मनात भरणे पाहताक्षणी घडते, त्याला कारण द्यावे लागत नाही. मालिकेतील लतिकेला त्यासाठी भागामागून भाग आपला चांगुलपणा सिद्ध करावा लागतो. 'दम लगा के हैशा' (२०१५) या हिंदी चित्रपटातही नायकाचे प्रेम लग्नानंतर, पुष्कळ अवहेलनेनंतर येते. जाड स्त्रीवर प्रेम केले जाते ते 'तरीही' या अव्ययाच्या आधाराने. तिच्या देहावर कोणी भाळत नाही. गुणांपोटी देहाला माफी मिळते, इतकेच.

यावर आमच्या देशीवादी मित्रांचे उत्तर ठरलेले आहे: कृशतेचे वेड पाश्चात्त्य, आपली परंपरा भरल्या अंगाची. पुरावा म्हणून 'मेघदूता'तील यक्षपत्नी पुढे केली जाते. ती नितंबभाराने मंद चालते हे खरेच. पण त्या श्लोकाचा आरंभच तिच्या सडपातळपणाने होतो आणि तिची कंबरही तेथे बारीकच आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. परंपरेने मेद मान्य केला तो मोजूनमापून, नेमून दिलेल्या जागी!

आमच्या गोंदियाच्या धानाच्या मुलखात 'खात्यापित्या घरची' हा शेरा अजून कानावर येतो. त्यात कौतुक असते ते घरच्या कोठीचे, मुलीचे नव्हे; रोवणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या वाट्याला तो येत नाही. आणि तेच खातेपिते घर मुलासाठी जाहिरात देताना 'सडपातळ' हा शब्द विसरत नाही. मुलाच्या ढेरीचा उल्लेख अर्थातच अनावश्यक.

पदव्युत्तर वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जाड बाईकडे कोणी अभिलाषेने पाहते आहे आणि लेखक हसत नाही, असा मराठी कादंबरीतला एक उतारा सांगा." तास संपेपर्यंत मला एकही आठवला नाही. घरी आल्यावरही नाही. हसणारे मात्र पाचसहा सहज आठवले. त्यांतले दोन मी वर्षानुवर्षे उत्तम विनोदाचे नमुने म्हणून शिकवीत आलो आहे.