गळ्यातला पट्टा

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी गळ्यात घालण्याजोगी एकच नवी वस्तू आली, आणि तीही कॅमेऱ्यासाठी! सौ.ने हे वाक्य शेजारीपाजारी इतक्या वेळा ऐकवले आहे की, त्यामागची खरी हकीगत वाचकांना सांगून टाकणे मला आता भागच आहे.

कॅमेरा आमच्या अण्णांचा. कॅननेट क्यूएल १७ जी-थ्री. हा जपानी कॅमेरा १९७२ साली बाजारात आला. भिंग ४० मिलिमीटरचे, वजन ६२० ग्रॅम. म्हणजे अर्धा किलो साखर आणि वर दोन मुठी बेसन. अण्णा गेल्यापासून तो कपाटात पडून होता. आता आमच्या कॉलेजकन्येला रोलवर फोटो काढण्याचा नाद लागला आहे. खिशातला फोन हजार फोटो फुकट काढतो. पण छत्तीसच फोटो मिळणार असले की माणूस नीट बघायला शिकतो, असे तिचे म्हणणे. मला ते पटले, म्हणून कॅमेरा खाली काढला.

तिने तो कातडी पेटीसकट खांद्याला अडकवला मात्र, पट्ट्याचा टाका सुटला आणि कॅमेरा खाली! साफसफाईसाठी गाद्या जमिनीवर अंथरल्या होत्या म्हणून अण्णांची आठवण शाबूत राहिली. त्या काळी पट्टा पुष्कळदा पेटीलाच शिवलेला असे. पन्नास पावसाळ्यांत दोरा कुजला होता. शिवाय आपल्या दमट हवेत बंद कातडी पेटी म्हणजे बुरशीचे माहेरघर. पेटी बाजूला ठेवली आणि पट्ट्याच्या शोधाला लागलो.

पहिला पट्टा आणला तो दोन इंच रुंद, मऊ गादीचा. तो मोठ्या, वजनदार कॅमेऱ्यांसाठी असतो. आमच्या कॅननेटला तो शोभला शेळीला बैलाचे जू शोभावे तसा. शिवाय त्याची टोके चपटी. ती आडव्या खाचेतून ओवायची. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांना खाच नसते, दोन्ही बाजूंना बारीक गोल कान असतात. त्यांत आधी किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेढ्याची कडी घालावी लागते.

दुसरी आणली नायलॉनची दोरी. सुटसुटीत आणि स्वस्त! पण तासाभराने कन्येच्या मानेवर वळ उठला.

तिसरा, मनगटात अडकवायचा फास. घरात उत्तम. पण लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा पिशवीला. तिसरा हात देवांनाच असतो. शिवाय सगळा भार एकाच कानावर. हे कान वर्षानुवर्षे कडी घासून झिजतात. आधीच म्हातारे झालेले. त्यांना किती ताण द्यावा?

मी असा हैराण झालेला पाहून आईने आतून एक जुना फोटो आणून माझ्यापुढे ठेवला. आजीच्या शेवटच्या दिवाळीचा. ओटीवर बसून ती मनापासून हसते आहे. एरवी फोटोत ती कधी हसलीच नाही. आणि नेमका त्याच फोटोत तिच्या गालावरून हनुवटीपर्यंत एक काळपट, पुसट पट्टा गेलेला!

अण्णा शेवटपर्यंत हळहळत, “मला दिसलंच नाही रे!” आणि ते खरेच होते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, बाजूच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. भिंगापुढे पट्टा लोंबो की बोट येवो, खिडकीत सारे स्वच्छच दिसते. रोल धुऊन आल्यावर कळते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

म्हणजे प्रश्न शोभेचा नव्हताच. पट्टा असा हवा की जो कॅमेरा सांभाळील आणि माणसांच्या मधे येणार नाही.

आईने परकराच्या नाडीची गुंडाळी काढली. नातीच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत तिरकी नाडी टाकली, खाली कॅमेरा बांधला आणि म्हणाली, “आता न काढता डोळ्याला लाव बघू!” दोनदा गाठ सैल केली, एकदा आवळली. माप भरले ११५ सेंटिमीटर. याहून लांब असता तर चालताना कॅमेरा जिन्याच्या कठड्यावर आपटला असता. आखूड असता तर डोळ्यापर्यंत आलाच नसता. ज्याच्या खांद्यावर जायचा त्याच्याच अंगावर माप घ्यावे, दुकानातल्या खिळ्यावर नव्हे!

नाडी घेऊन मी स्टेशनबाहेरच्या चपला शिवणाऱ्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी कमावलेल्या कातड्याची अर्धा इंच रुंद पट्टी कापली. मी म्हटले, “जरा जाड घ्या, तुटायला नको.” आरीवरून नजर न उचलता ते म्हणाले, “साहेब, पट्टा नाही तुटत, टाका तुटतो.” मग मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही टोकांना दुहेरी टाके घातले. बक्कल नाही, लोंबते शेपूट नाही. कडीमागे कातड्याची छोटी चकती बसवली, म्हणजे कडीने कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडे नकोत. त्यांचे पाहून मीही एक शिकलो: दर दिवाळीला फराळाआधी टाके आणि कड्या ओढून बघायच्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कन्येने आजीला पणत्यांपाशी बसवले. उभा फोटो घेण्यासाठी कॅमेरा आडवाचा उभा केला, तसा पट्टा पुढे झुकला. तिने तो अंगठ्याखाली दाबून धरला, भिंगावरून एकदा नजर फिरवली आणि मगच कळ दाबली. आजी कशाला तरी हसत होती.

परवा रोल धुऊन आला. आईने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकात तिच्या सासूबाई, एकात ती स्वतः. हसणे दोघींचेही खरे, चेहरा एकीचाच पुरता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पदराने आजीच्या फोटोवरची धूळ पुसत म्हणाली,

“ह्यांना तेव्हा कुणी नाडी मोजून दिली नाही रे!”