न पुसलेल्या फितीचे मोल

व्यापारी पेढीत वर्षअखेरीस शिलकी मालाची मोजदाद होते. प्रत्येक वस्तूपुढे आकडा मांडला जातो. जुन्या वस्तूंवर घसारा धरला जातो. ज्यांचा उपयोग संपला त्या भंगारात निघतात. हिशेबाची ही रीत रास्तच आहे. मात्र काही वस्तू अशा असतात की त्यांची पुस्तकी किंमत शून्यावर आलेली असते, आणि खरी किंमत त्याच वेळी वाढू लागलेली असते. विलायतेतील दूरचित्रवाणीच्या इतिहासात या गोष्टीचे एक बोलके उदाहरण आहे. ते एका व्यापारी घराण्याच्याच कथेचे असल्यामुळे येथील वाचकांना अधिक जवळचे वाटेल.

७ जानेवारी १९६७ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘द फोर्साइट सागा’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. जॉन गॉल्सवर्दी या नोबेल पारितोषिक विजेत्या लेखकाच्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली होती. डोनाल्ड विल्सन हे तिचे निर्माते. सुमारे पन्नास मिनिटांचा एक, असे एकंदर २६ भाग. एरिक पोर्टर, नायरी डॉन पोर्टर, केनेथ मोर आणि सुझन हॅम्पशायर हे तिचे प्रमुख कलावंत. त्या वेळी ही दुसरी वाहिनी नवी होती आणि ती पाहण्यासाठी नव्या पद्धतीचा संच लागत असे. त्यामुळे पहिला प्रेक्षकवर्ग मर्यादितच राहिला. पुढे १९६८ च्या सप्टेंबरपासून मुख्य वाहिनीवर रविवारी संध्याकाळी पुनःप्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा मात्र देश घरात बसू लागला. काही चर्चनी सायंप्रार्थनेच्या वेळा बदलल्या. १९६९ मध्ये शेवटचा भाग सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकांनी पाहिला. अमेरिकेत या मालिकेने ब्रिटिश मालिकांसाठी वाट मोकळी केली. सोव्हिएत रशियाने विकत घेतलेली बीबीसीची ही पहिली मालिका ठरली.

आज ही मालिका डीव्हीडीच्या संचात घरबसल्या पाहता येते, याचे कोणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळातील कितीतरी मालिकांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्या पुसल्या गेल्या. दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत तेव्हा फार महाग होती आणि तिच्यावर पुनःपुन्हा मुद्रण करता येत असे. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे ठरावीक मुदतीनंतर जुना कार्यक्रम पुन्हा दाखवणे अवघड आणि खर्चिक होत असे. त्यातच १ जुलै १९६७ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि कृष्णधवल कार्यक्रमांची मागणी ओसरत गेली. घरी चित्रफीत लावून पाहण्याचे यंत्र तर सामान्य कुटुंबात नव्हतेच. म्हणजे मालाला ग्राहक नाही, तो ठेवायला जागा लागते, आणि माल ज्या डब्यात आहे तो डबा मात्र नव्यासारखा उपयोगी आहे. कोणत्याही काटकसरी व्यवस्थापकाने डबा रिकामा केला असता. बीबीसीनेही तेच केले.

हा क्रम १९७८ च्या सुमारास थांबला. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. जे सापडले त्यांतील बरेच परदेशी केंद्रांना विक्रीसाठी काढलेल्या चित्रपट-प्रतींमुळे वाचले. २०१३ मध्ये त्याच मालिकेचे नऊ भाग नायजेरियातून मिळाल्याचे जाहीर झाले. मूळ पेढीने फेकलेला माल दूरच्या गिऱ्हाइकाच्या वखारीत सुखरूप निघावा, तसाच हा प्रकार. ‘फोर्साइट’ची गोष्ट निराळी होती. देशोदेशी मागणी असलेल्या मालावर कोणी बोळा फिरवत नाही. विक्रीने तिला तारले.

पुढे काळ पालटला. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस यंत्र बाजारात आले, १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडीची विक्री सुरू झाली, आणि ज्या फितींची किंमत केवळ कोऱ्या फितीइतकी धरली गेली होती त्यांच्यावरील मजकूरच विक्रीचा माल झाला. चाळीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आकर्षक वेष्टनात बांधून विकता येतो, हे तेव्हाच्या ताळेबंदात कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते. हिशेबनिसांनी आकडे चुकीचे मांडले असे नाही. त्यांनी फितीचे मोल लिहिले. फितीवर काय आहे याचा रकानाच त्यांच्या वहीत नव्हता.

या मालिकेची कथा पाहिली म्हणजे नेमका हाच दोष तिच्या नायकाच्याही वहीत आढळतो. फोर्साइट कुटुंब हे लंडनचे सधन घराणे. मूळ पुरुष बांधकामाच्या धंद्यात वर आलेला. पुढल्या पिढीत कोणी चहाचा व्यापारी, कोणी सॉलिसिटर, कोणी घरे-जमिनींचा दलाल. एक भाऊ तर इतका सावध की त्याने आपले सारे भांडवल तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत घातलेले. एकत्र जमणे, एकमेकांच्या मिळकतीची चौकशी करणे, लग्नसंबंध तोलूनमापून जुळवणे, घरातली गोष्ट बाहेर न जाऊ देणे, हे सारे पाहताना आपल्याकडील प्रेक्षकाला परके वाटण्याचे कारण नाही.

या कुटुंबातील सोम्स हा हुशार, सचोटीचा आणि शब्दाला पक्का सॉलिसिटर आहे. तो कोणाचा पैसा बुडवत नाही. उत्तम चित्रांचा संग्रह करतो. आयरीन ही निर्धन प्राध्यापकाची सुंदर मुलगी त्याची पत्नी. तिच्यासाठी तो बोसिनी नावाच्या तरुण वास्तुरचनाकाराकडून शहराबाहेर रॉबिन हिल येथे घर बांधवून घेतो. आयरीन आणि बोसिनी यांच्यात प्रेम निर्माण होते. इकडे ठरलेल्या रकमेपेक्षा ३५० पौंड अधिक खर्च झाले म्हणून सोम्स बोसिनीवर दावा लावतो. पत्रव्यवहारातील शब्दांच्या अर्थावर न्यायालयात युक्तिवाद होतो आणि सोम्स जिंकतो. पण त्याच सुमारास बोसिनी धुक्यात गाडीखाली सापडून मरण पावतो. ३५० पौंड जमेच्या बाजूस आले. संसार नावे पडला.

मूळ कादंबरीचा आरंभ १८८६ मधला. त्याच्या चारच वर्षे आधी, १८८२ च्या कायद्याने इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा हक्क मिळालेला होता. कायदा बदलला, पण सोम्सच्या मनातील खातेवही बदलली नाही. घर, चित्रे आणि पत्नी या तिन्ही नोंदी तिथे एकाच पानावर होत्या. याच वृत्तीतून तो एके रात्री पत्नीवर बळजोरी करतो. तो प्रसंग प्रक्षेपित झाल्यावर ब्रिटनभर वाद उसळला. सोम्सचे चुकले काय, असे विचारणारे जसे होते तसेच आयरीनच्या बाजूने उभे राहणारेही होते. एकाच घरातील माणसांत दोन पक्ष पडत. मालिकेचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. एरिक पोर्टर यांनी सोम्सला खलपुरुष म्हणून रंगवले नाही. आपण काय गमावतो आहोत हे ज्याला अखेरपर्यंत उमगत नाही असा, आतून तुटत चाललेला गृहस्थ त्यांनी उभा केला.

याच कुटुंबातील चहाचे वृद्ध व्यापारी थोरले जोलियन हे सोम्सचे चुलते. त्यांच्याही घरात फूट पडलेली आहे. मुलगा लोकरीतीबाहेर वागला म्हणून वर्षानुवर्षे त्यांनी त्याच्याशी संबंध तोडलेला असतो. पण म्हातारपणी ते स्वतः पुढे होऊन मुलाकडे जातात, नातवंडांना जवळ करतात, मृत्युपत्र बदलतात आणि सोम्सने बांधलेले तेच घर विकत घेतात. हिशेबात तेही कच्चे नाहीत. उभे आयुष्य त्यांनी व्यापारच केला आहे. फरक एवढाच की कोणते खाते मिटवून टाकावे हे त्यांना कळले.

न मिटवलेल्या खात्याचे व्याज पुढल्या पिढीवर चढते. सोम्सची दुसऱ्या लग्नाची मुलगी फ्लर आणि आयरीनचा दुसऱ्या लग्नाचा मुलगा जॉन यांचे एकमेकांवर प्रेम जडते. आईबापांचे जुने वैर कळताच जॉन माघार घेतो. ज्यांनी काही केले नाही त्यांनी सगळे फेडले. अखेरीस सोम्सच्या चित्रसंग्रहाला आग लागते. वरून कोसळणाऱ्या चित्रापासून लेकीला वाचवताना तो स्वतः घायाळ होतो आणि मरण पावतो. जन्मभर जमवलेल्या वस्तूंपैकी एक एका बाजूस आणि लेक दुसऱ्या बाजूस असताना, त्या क्षणी तरी त्याने निवड अचूक केली.

घरी ठेवता येणाऱ्या संचाचा खरा लाभ येथे जाणवतो. दर आठवड्याच्या प्रक्षेपणात प्रसंग डोळ्यांसमोरून निघून जात असे. आता सुमारे बावीस तासांची ही कथा सासू, सून, मुलगा आणि नात एकत्र बसून पाहू शकतात. मध्येच थांबवून त्यावर बोलू शकतात. तरुणपणी आयरीनची बाजू घेणाऱ्याला उतारवयात सोम्सचा एकटेपणा दिसतो, आणि पूर्वी सोम्सचे समर्थन करणाऱ्याला लेकीचे लग्न झाल्यावर आयरीन कळू लागते. मालिका तीच असते. पाहणारा बदललेला असतो.

विलायतेतील या हकिकतीतून आपल्या घरापुरताही एक धडा घेण्याजोगा आहे. अनेक घरांच्या माळ्यावर लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, आजोबांच्या पंचाहत्तरीच्या व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. त्या लावायचे यंत्र आता नवे मिळत नाही; ते बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. दमट हवेत फितीवर बुरशी धरते आणि चुंबकीय थर काळाच्या ओघात क्षीण होतो. बुरशी आलेली कॅसेट घरच्या यंत्रात घालू नये. फीतही तुटते आणि यंत्रही बिघडते. जाणकार स्टुडिओकडून तिचे संगणकीय रूपांतर करून घ्यावे. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, कारण हार्ड डिस्कही एक दिवस बंद पडतेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्रात कोण कोण आहे हे सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे आणि सालवारी लिहून घ्यावी. यंत्र भाड्याने मिळेल, स्टुडिओही मिळेल. नावे सांगणारे माणूस पुन्हा मिळत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा करताना कॅसेटींचे खोके रद्दीवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी एवढा विचार अवश्य व्हावा. प्लॅस्टिकची किंमत किलोवर ठरते. आत बोलणाऱ्या आजीच्या आवाजाला कोणताही भाव लावता येत नाही, एवढ्यावरून तो निरुपयोगी ठरत नाही.