गॅलरीतली एक कुंडी, १९ किलोची गोणी आणि कायद्याचा तराजू

दिवाळी आटोपली आणि पहाटे गारवा सुटला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी पोरं विशी-बाविशीतली असतात. "दादा, ऑटोफ्लॉवर गांजाचं बी ऑनलाइन मिळतंय. बी कायदेशीर असतं म्हणे. आपल्याकडे थंडी काही फार नसते, गॅलरीत येईल ना?"

मी शेतीवर लिहितो म्हणून मला विचारतात. तर एकदाच सगळ्यांना जाहीर उत्तर देतो. झाड येईल. पण बी कायदेशीर आहे म्हणून झाड कायदेशीर होत नाही. त्या एका झाडासाठी कायद्यात कमाल १० वर्षांची सजा लिहिलेली आहे.

आता जरा सविस्तर. कारण यात फक्त पोरांचा नाही, शेतकऱ्यांचाही प्रश्न आहे.

आधी हे ऑटोफ्लॉवर म्हणजे काय ते बघू. नेहमीचं गांजाचं झाड दिवस-रात्रीच्या लांबीवर चालतं. जूनमध्ये पावसाबरोबर पेरलं की वाढत राहतं, आणि दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यावर येतं. म्हणूनच तुरीत, कपाशीत, उसात लपवलेली गांजाची झाडं पकडल्याच्या बातम्या पावसाळा सरता सरता आणि दिवाळीच्या आसपास जास्त येतात. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तर हे दरवर्षीचंच झालंय. झाड उंच होतं, वास सुटतो, खबर लागते.

ऑटोफ्लॉवरचं तसं नाही. रशियाच्या थंड भागात गांजाची एक रानटी, बुटकी जात वाढते. १९२४ मध्ये एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'रुडेरॅलिस' हे नाव दिलं. तिकडचा उन्हाळा इतका तोकडा, की दिवस लहान व्हायची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आत हिमच पडायचं. म्हणून हे झाड दिवसाच्या लांबीकडे बघतच नाही. ठरावीक वय झालं की फुलतं. पुढे हौशी पैदासकारांनी त्याचा नशेच्या जातींशी संकर केला आणि २००० नंतरच्या दशकात असं बी जगभर विकलं जाऊ लागलं. उगवण्यापासून काढणीपर्यंत साधारण अडीच-तीन महिने, उंची बऱ्याचदा कमरेच्या आतच.

आता आपला हिवाळा बघा. पुण्यात डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा असतो. जर्मनीत बर्लिनला तोच दिवस आठ तासांहून कमी. आपल्याकडे दुपारी चांगलं ऊन असतं आणि मैदानी भागात सहसा हिम पडत नाही. आपण याला रब्बी हंगाम म्हणतो आणि यात गहू-हरभरा पिकवतो. अशा हवेत हे झाड येणार नाही असं सांगणं खोटं ठरेल, आणि पोरांना खोटं सांगून काही उपयोग नसतो. थोडक्यात, ज्या पिकाला एक हंगाम होता त्याला आता हंगाम उरलेला नाही. बी पुढे गेलं. कायदा मात्र १९८५ मध्येच आहे.

आता त्या कायद्याचा हिशोब मांडू. नाव लांबलचक आहे, सगळे एनडीपीएस म्हणतात. गांजा म्हणजे काय याची व्याख्या त्यात दिलीय. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर नुसतं बी आणि नुसती पानं त्यात धरलेली नाहीत. "बी कायदेशीर आहे" ही अफवा इथूनच सुरू होते. पण त्याच कायद्याचं कलम ८ सांगतं की गांजाचं कुठलंही झाड लावायला बंदी आहे. त्याची शिक्षा कलम २० मध्ये आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणतो, पण हसू येत नाही.

तयार, सुका गांजा बाळगला तर कायदा वजन बघतो. एक किलोपेक्षा कमी म्हणजे 'अल्प प्रमाण', म्हणजे कमाल १ वर्ष कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक किलो ते २० किलोपर्यंत असेल तर १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. २० किलोहून जास्त म्हणजे 'व्यापारी प्रमाण', तिथे किमान १० आणि कमाल २० वर्षं.

आणि लागवड केली तर? तिथे अशी पायरीच नाही. एक झाड असो की एक एकर, कमाल शिक्षा तीच.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एकाने गॅलरीत कुंडीत एक बुटकं झाड लावलं. त्यातून सुकून निघणार काही तोळे. त्याला कमाल १० वर्षं. दुसऱ्याने चौकातल्या विक्रेत्याकडून ९०० ग्रॅम घेतला. त्याला कमाल १ वर्ष. तिसऱ्याकडे १९ किलोची गोणी सापडली. त्याला कमाल १० वर्षं, म्हणजे कुंडीवाल्याइतकीच.

न्यायाधीश प्रत्यक्षात एका कुंडीसाठी १० वर्षं देतील असं मी म्हणत नाही. १० ही कमाल मर्यादा आहे, किमान शिक्षा लिहिलेली नाही. पण शिक्षा फक्त निकालाच्या दिवशी होत नसते. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, जामिनासाठी वकील शोधले, तारखा पडल्या, नोकरी गेली, पासपोर्ट अडकला. हे सगळं निकालाच्या आधीच भोगून होतं. त्यात कायद्यात व्यसनी माणसाला उपचाराकडे वळवायची जी वाट आहे, कलम ६४अ, ती सेवनाच्या आणि 'अल्प प्रमाणा'च्या गुन्ह्यांसाठी. लागवडीला अल्प प्रमाण असं काही मोजमापच नाही. मग कुंडीवाल्याने त्या वाटेने जायचं कसं?

म्हणजे हा कायदा नकळत पोराला सांगतो की बाबा रे, स्वतः लावू नकोस, टोळीकडून विकत घे, ते तुला स्वस्तात पडेल. ज्या कायद्याने टोळ्या मोडायच्या त्यानेच त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यावं, हा कुठला न्याय?

आता कुणी म्हणेल, "मग काय, गांजा मोकळा सोडायचा?" नाही. मी त्या बाजूचा नाही. आजचा संकरित गांजा बराच जहाल असू शकतो. वाढत्या वयात नियमित ओढला तर स्मरणशक्ती, अभ्यास, मन या सगळ्यावर परिणाम होतो. काहींना तर भ्रम-भास होण्याचा धोका खरा आहे, आणि ज्यांच्या घरात असे आजार आहेत त्यांना जास्त. 'झाडपाला आहे, नैसर्गिक आहे' हे म्हणणं फसवं आहे. धोतराही नैसर्गिकच असतो.

आणि घाईचं काय होतं ते थायलंडने दाखवलं. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम मात्र आधी केले नाहीत. गल्लोगल्ली दुकानं झाली. शेवटी २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून माघार घ्यावी लागली. उलट जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडांपर्यंत मुभा दिली, पण वजनाची मर्यादा, वयाची अट, मुलांच्या हाती लागणार नाही अशी जबाबदारी, हे सगळं लिहून. तीच व्यवस्था आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. पण तीन झाडं आणि तीन एकर यांत फरक असतो, एवढं तरी त्यांच्या कायद्याला कळतं.

आणि हे शहाणपण आपल्याला परकंही नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. तो देशभर फिरला, शेकडो साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. सरसकट बंदी नको, परवाने, कर आणि देखरेख ठेवा, असं त्यांचं मत होतं. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यात गांजाची लागवड परवान्याने चालायची. इंग्रजांना रयतेची कळकळ होती असं नाही, त्यांना महसूल हवा होता. पण वापर आणि अतिवापर यांत फरक करायला हवा, हे त्यांनाही कळलं होतं.

आता शेतकऱ्याकडे येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला, की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. बातमी झाली, लोक हसले, विषय संपला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. नशेच्या पिकाला परवानगी मिळणार नव्हती आणि मिळूही नये. पण त्याच जातीच्या झाडाचं बिननशेचं पीक असतं, त्याला हेम्प म्हणतात. त्याच्यापासून धागा, बी, तेल मिळतं. (आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) त्याबद्दल कुणी त्या शेतकऱ्याशी चार शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं.

कारण वाट कायद्यातच आहे. कलम १० राज्याला लागवडीचे नियम करायचा अधिकार देतं. कलम १४ धागा, बी किंवा बागायती उपयोगासाठी परवानगी देऊ देतं. उत्तराखंडाने २०१८ पासून ही वाट वापरली, नशेच्या घटकाची म्हणजे टीएचसीची ०.३ टक्क्याची मर्यादा ठेवून. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये दोन विद्यापीठांकडून प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल, पीठ हे खाद्य म्हणून मान्य केलं. म्हणजे ते बी मुंबई-पुण्याच्या दुकानात विकता येतं, पण आपल्या राज्याने साध्या शेतकऱ्याला ते पिकवायची वाट उघडलेली नाही.

इथे ऑटोफ्लॉवरचा गुण खरा कामाचा ठरतो. युरोपातल्या हेम्पच्या जाती तिथल्या लांबलचक दिवसांसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे आणल्या तर दिवस लहान म्हणून त्या खुरट्या असतानाच फुलतात. पण दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या जाती हेम्पमध्येही आहेत. फिनलंडची 'फिनोला' ही तेलबियांसाठीची बुटकी, लवकर येणारी जात त्यातलीच. अशी जात आपल्या रब्बीत बसते का, पाणी किती लागतं, उत्पन्न किती मिळतं, हे राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांनी करून बघावं. आलं नाही तर आलं नाही म्हणून सांगावं. पण एकदा बघावं तरी.

एक धोका मात्र आधीच सांगतो. फुलोरा पिकत जातो तसा टीएचसी वाढतो. काढणीला उशीर झाला तर प्रामाणिक शेतकऱ्याचं पीकही मर्यादेबाहेर जाऊ शकतं. अमेरिकेत २०१८ नंतर असं झालेलं आहे, उभी पिकं नष्ट करावी लागली. म्हणून नियमात आधीच लिहा की काढणीपूर्व तपासणी सरकार करेल, आणि परवानाधारकाचं पीक मर्यादेबाहेर गेलं तर पीक नष्ट होईल, पण शेतकरी तुरुंगात जाणार नाही.

मग मागणी काय? तीन गोष्टी.

पहिली, संसदेकडे. लागवडीच्या शिक्षेला पायऱ्या करा. एक-दोन झाडांना अल्प प्रमाणासारखी वागणूक द्या, उपचाराची वाट द्या, आणि खरी ताकद टोळ्यांवर लावा.

दुसरी, राज्य सरकारकडे. कलम १० आणि १४ खाली हेम्पचं धोरण करा, सुरुवात विद्यापीठांच्या प्रक्षेत्रावरून करा.

तिसरी, कॉलेजांकडे. अमली पदार्थविरोधी दिनाला घोषणा आणि फेऱ्या पुरे झाल्या. कायद्याचे हे आकडे पोरांना फळ्यावर लिहून दाखवा.

आणि हा कायदा बदलेपर्यंत पोरांनो, ते बी मागवू नका. मला नैतिकतेचं प्रवचन द्यायचं नाही, निव्वळ हिशोब सांगतोय. तीन महिन्यांच्या झाडासाठी आयुष्याची काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर घालवणं परवडणारं नाही.

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. कापूस, सोयाबीन, कांद्याच्या भावावर दरवर्षी गोंधळ होतो, सभात्याग होतो. तुमच्या आमदाराला या वेळी एवढंच विचारा, की जे बी दुकानात खायला चालतं ते शेतात पिकवायला का चालत नाही? काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा, फक्त आकडे घेऊन या.